पन्नास कोटी डॉलरांचा तह

जित आणि जेते यांच्यातील वैर एका सहीने संपुष्टात आणणे हे मुत्सद्द्यांना भूषणास्पद वाटत असले, तरी ज्यांच्या आईबापांनी ती गुलामगिरी अंगावर सोसली त्यांना अंधारात ठेवून केलेला तह किती काळ पचतो, याचा धडा दक्षिण कोरियाच्या इतिहासात सापडतो.

१९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. पस्तीस वर्षांच्या त्या अमलाच्या अखेरीस कोरियन भाषा शाळांतून हद्दपार झाली, लोकांवर जपानी नावे लादली गेली आणि लाखो माणसे खाणींत व कारखान्यांत सक्तीने राबली. १९६१ साली लष्करी बंड करून सत्तेवर आलेल्या पाक चुंग-ही यांनी तरुणपणी मांचुरियात जपानच्याच छत्राखालील फौजेत अंमलदारी केली होती. शिवाय तिजोरीत खडखडाट होता आणि आपल्या या दोन मित्रराष्ट्रांनी समेट करावा, असा अमेरिकेचा तगादा होता. नोव्हेंबर १९६२ मध्ये पाक यांचे गुप्तचरप्रमुख किम जोंग-पिल आणि जपानचे परराष्ट्रमंत्री ओहिरा यांनी टोकियोत समेटाच्या तहाची रक्कम मुक्रर केली: तीस कोटी डॉलर अनुदान, वीस कोटी कर्ज. प्रजेला त्याचा थांगपत्ता नव्हता.

२४ मार्च १९६४ रोजी या तहाच्या वाटाघाटींविरुद्ध सेऊलचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. चारच वर्षांपूर्वी सिंगमन री यांची राजवट विद्यार्थ्यांच्याच उठावाने उलथून पडली होती, त्यामुळे सरकारने या मोर्चांची धास्ती घेतली यात नवल नाही. २० मे रोजी सेऊल राष्ट्रीय विद्यापीठात त्यांनी पाक यांच्या ‘राष्ट्रीय लोकशाही’ या घोषणेचीच अंत्ययात्रा काढली. रीतसर शवपेटी आणली, शोकभाषण वाचले आणि ती पेटी खांद्यावर घेऊन ते पोलिसांना सामोरे गेले. ३ जून रोजी सेऊलमध्ये लष्करी कायदा जारी झाला, विद्यापीठांना टाळी लागली आणि पुढाऱ्यांची रवानगी तुरुंगात झाली. त्यांतले एक, ली म्युंग-बाक, पुढे २००८ साली राष्ट्राध्यक्ष झाले.

तह मात्र झालाच. २२ जून १९६५ रोजी टोकियोत सह्या झाल्या आणि ऑगस्टमध्ये विरोधकांच्या गैरहजेरीत संसदेने त्यास मंजुरी दिली. त्यात क्षमायाचना नव्हती. पैसाही नुकसानभरपाई म्हणून नव्हे, तर आर्थिक सहकार्य म्हणून दिला गेला. त्यातून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला, हे पाक यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. परंतु सक्तीने नेलेल्या ज्या माणसांच्या नावाने तो पैसा मागितला होता, त्यांतील मृतांच्या वारसांना दहा वर्षांनंतर प्रत्येकी तीन लाख वॉन मिळाले, आणि जिवंत परतलेल्यांच्या हाती त्या वेळी काहीच पडले नाही.

वाटाघाटींचे दप्तर २००५ साली खुले झाले. २०१८ साली कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी पोलाद कंपनीस वेठबिगारांना भरपाई देण्याचा हुकूम फर्मावला आणि दोन्ही सरकारांत पुन्हा बेबनाव झाला. विद्यार्थी रस्त्यावर हरले, पण त्यांचा आक्षेप रास्त होता: पीडितांचे येणे त्यांना न विचारता परस्पर वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही, आणि तसे केले तर तो हिशेब मिटत नाही.