रबर तापले की आखडते

पदार्थ अणुरेणूंचा बनलेला असतो हे ठाऊक असूनही अभियंता त्याला सलग भरलेला मानतो, कारण पुलाच्या तुळईतील प्रत्येक अणूचा हिशेब ठेवणे अशक्य असते आणि अनावश्यकही. या सलगपणाच्या गृहीतकावर उभ्या असलेल्या सातत्य यामिकीला पक्का पाया फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२२ मध्ये दिला. पदार्थाच्या आत कोठेही काल्पनिक छेद घेतला, तर त्याच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूवर बल लावीत असतो. एकक क्षेत्रफळावरील हे बल म्हणजे प्रतिबल. एका बिंदूतून जाणाऱ्या, परस्परांना लंब अशा तीन छेदांवरील प्रतिबले कळली की त्या बिंदूतील कोणत्याही तिरप्या छेदावरचे प्रतिबल काढता येते, हे त्यांनी दाखवले.

वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेचे नियम मात्र पोलाद आणि पाणी यांत भेद करीत नाहीत. तो भेद पदार्थाच्या स्वतःच्या समीकरणातून, म्हणजे किती विरूपणाला किती प्रतिबल हे सांगणाऱ्या संबंधातून येतो, आणि तेथे निव्वळ यामिकी अपुरी पडते.

रबर हा त्याचा उत्तम दाखला होय. केंडल येथील अंध निसर्गअभ्यासक जॉन गॉफ यांनी १८०५ मध्ये नोंदवले, की रबराची पट्टी ओठांना लावून झटकन ताणली तर ती उबदार लागते, आणि वजन टांगून ताणलेली पट्टी तापवली तर लांबण्याऐवजी आखडते. तापमापकापेक्षा ओठांवर विसंबलेले हे निरीक्षण जूल यांनी १८५९ मध्ये काटेकोर मोजमापांनी पक्के केले. या दोन गोष्टी योगायोगाने एकत्र आलेल्या नाहीत; पहिली खरी असेल तर दुसरी खरी असलीच पाहिजे, असे ऊष्मागतिकी सांगते. कारण रबराच्या लांब साखळीरेणूंना वेटोळे घालून राहण्याचे असंख्य मार्ग असतात, ताणल्यावर ते घटतात, म्हणजेच एंट्रॉपी कमी होते. रबराची ओढ मुख्यतः या घटीतून येते आणि म्हणूनच तापमानाबरोबर वाढते.

ऊष्मागतिकीचा दुसरा नियम पदार्थांच्या समीकरणांनाच लावण्याची पद्धत कोलमन आणि नॉल यांनी १९६३ मध्ये मांडली. कोणत्याही प्रक्रियेत एंट्रॉपीची निर्मिती ऋण होता कामा नये, एवढ्या अटीवरून त्यांनी दाखवले, की स्थितिस्थापक पदार्थाचे प्रतिबल आणि एंट्रॉपी ही दोन्ही मुक्त ऊर्जा या एकाच फलनातून निघतात. त्याच अटीमुळे द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, ऋण मानणारे समीकरण गणितात कितीही देखणे असले तरी बाद होते.