सह्याद्रीची जंगले आणि बदलते हवामान : पाच गैरसमज

श्रावणात आंबोली किंवा ताम्हिणी घाटातून जाणाऱ्याला हे जंगल संकटात आहे, असे सांगितले तर तो हसेल. जिकडे नजर जाईल तिकडे हिरवे, कड्याकड्यावरून धबधबे. हवामान बदलाची झळ ध्रुवावरच्या बर्फाला, फार तर विदर्भातल्या उन्हाळ्याला. सह्याद्रीला काय होणार? या समजुतीच्या पोटात आणखी पाच समजुती आहेत.

गैरसमज १ : पाऊस भरपूर पडतो, तेव्हा जंगलाला पाण्याची ददात नाही.

वस्तुस्थिती : २३ जुलै २०२१च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात सरासरी वर्षभरातही एवढा पडत नाही. पण असा पाऊस मुरत नाही, उतारावरची माती घेऊन पळतो. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हंगामाचा एकूण पाऊस मात्र वाढलेला नव्हता. म्हणजे थोड्या दिवसांत धो धो आणि मध्ये लांबलचक उघडीप. जंगलाला पुढचे सात-आठ कोरडे महिने तारून नेतो तो मुरवणीचा पाऊस, आणि नेमका तोच बेभरवशाचा होत चालला आहे.

गैरसमज २ : उष्णता वाढली, तर झाडे-प्राणी हळूहळू उंचावर सरकतील.

वस्तुस्थिती : हिमालयात वर जायला जागा आहे. सह्याद्रीच्या महाराष्ट्रातल्या भागात सर्वांत उंच कळसूबाई, तेही १६४६ मीटर. माथ्यावरच राहणाऱ्या जिवांनी आणखी वर कुठे जायचे? आंबोली परिसरातच आढळणारा एक छोटा भेक २००९ मध्ये विज्ञानाला नवी जात म्हणून नोंदवला गेला. पहिल्या सरींनंतर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, साचलेल्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. सरी आल्या आणि मग पावसाने दडी मारली, की डबके आटते आणि त्याबरोबर पिल्लेही.

गैरसमज ३ : हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, तर झाडे जोमाने वाढतील.

वस्तुस्थिती : काही अंशी खरे. पण पाणी, नत्र आणि स्फुरद कमी पडले की ती वाढ खुंटते. शिवाय हिरवे दिसते ते सगळे जंगल नसते. नासाच्या उपग्रहांच्या नोंदींवर आधारित २०१९च्या अभ्यासानुसार भारतातल्या वाढलेल्या हिरवाईत ८२ टक्के वाटा शेतीचा होता. आणि रानात हिरवे दिसते त्यात घाणेरी आणि रानमोडी ही परकी तणेही आली.

गैरसमज ४ : उन्हाचा कडाका वाढला, की वणवे आपोआप लागतात.

वस्तुस्थिती : उन्हाने पाचोळा कडकडीत वाळतो, पण काडी बहुतेक वेळा माणसाच्या हातातली असते. सह्याद्रीत पुढच्या वर्षी गवत चांगले येईल म्हणून डोंगर पेटवतात. मेळघाट-गडचिरोलीकडे कारण वेगळे. मोहाची फुले पहाटे गळतात आणि वाळल्या पानांत दिसत नाहीत. म्हणून वेचणारे झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा मोकळी करतात. वारा सुटला, की तीच आग रानभर पसरते. पाचोळा झाडून काढला किंवा झाडाखाली जाळी, जुनी लुगडी अंथरली तर फुलेही स्वच्छ मिळतात आणि रानही वाचते. वाढत्या तापमानात ही जुनी सवय अधिक महाग पडते. रोपे जळतात, कुजलेल्या पानांचा थर जातो आणि उघडी पडलेली माती पहिल्याच वळिवाच्या तडाख्यात वाहून जाते.

गैरसमज ५ : माळावर, सड्यावर झाडे लावली की भरपाई होते.

वस्तुस्थिती : कासच्या पठारावर झाडे विरळ आहेत, ती तिथली उणीव नव्हे. जांभ्यावरच्या वीतभर मातीत तिथली रानफुले टिकतात, ती मोकळ्या उन्हामुळे. अशा जागी खड्डे खणून गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, तर जंगल वाढत नाही, सडा मात्र जातो. उलट राखलेल्या देवराईच्या कडेला चराई आणि आग थांबवली, तर हिरडा, अंजनी, जांभूळ आपसूक उगवून येतात. लागवडीपेक्षा हे स्वस्तही आहे.

जगाचे तापमान एका गावाच्या हाती नाही. वणवा, चुकीची लागवड आणि उतारावरची खोदाई मात्र आहे. फेब्रुवारी ते मे या काळात रानात धूर दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.