जहाज कुणासाठी थांबत नाही

आटपाडीच्या माणसाला प्रवासाचं वावडं कधीच नव्हतं. पावसाचा भरवसा नाही, म्हणून आमच्या आणि शेजारच्या खानापूर तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली आणि देशभर पांगली. दक्षिणेतल्या एखाद्या मोठ्या सराफ बाजारात जा, कुठल्या तरी बोळात गलाईचं दुकान आणि आत मराठी बोलणारा माणूस सापडेल. जे गावात राहिले ते आषाढीला पंढरपूरला चालत गेले. दिंडी ही तरी काय, आखून दिलेली सहलच की! मुक्काम ठरलेले, वळकट्या ट्रकमध्ये, शिस्तीला चोपदार. मात्र दिंडीत एक सोय असते. कुणी पाय दुखून मागे राहिला, तर तो रात्री मुक्कामाला येऊन मिळतो. आज मी ज्या सहलीविषयी सांगणार आहे, तिच्या निम्म्या भागात ही सोय नाही.

जमीन आणि जहाज अशी ही जोडसहल. पंधरा ते वीस दिवसांची. आधी काही दिवस बस आणि हॉटेलं, मग सात-आठ रात्री समुद्रावर मोठ्या जहाजात, आणि बऱ्याचदा त्यानंतर पुन्हा जमीन. १९८४ साली ‘केसरी’ निघाली, २०१३ साली ‘वीणा वर्ल्ड’. अशा कंपन्यांमुळे टूर मॅनेजरच्या छत्रीमागे निर्धास्त चालायची सवय मराठी माणसाला लागली. त्याच सवयीनं लोक जहाजावरही चढतात, आणि तिथं गडबड होते. बसचा चालक टूर मॅनेजरचं ऐकतो. जहाजाचा कप्तान कुणाच्याच टूर मॅनेजरचं ऐकत नाही.

आम्ही २०२३ च्या जूनमध्ये अलास्काला गेलो. आम्ही म्हणजे मी, आमची सौ., माझी बहीण आणि दाजी. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. दाजींचं गलाईचं दुकान तीस वर्षं तमिळनाडूत. माझ्या वाट्याचा पैसा ग्रॅच्युइटीतला होता, त्यामुळे पै न् पै कुठं जाते याची मी वही ठेवली होती. आधी कॅनडातल्या रॉकी पर्वतात बसने बॅन्फ आणि जॅस्पर, मग व्हँकूव्हरला जहाजावर चढायचं, सात रात्रींनी अलास्कातल्या व्हिटियर बंदरात उतरायचं, तिथून आगगाडीनं डेनाली आणि शेवटी अँकरेज.

आता कुणी विचारेल, अलास्का अमेरिकेत, मग जहाज कॅनडातून का सुटतं? याला कारण अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात उतारू न्यायचे तर जहाज अमेरिकेत बांधलेलं आणि अमेरिकी मालकीचं हवं. ही मोठी पर्यटन जहाजं बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांचे झेंडे लावून फिरतात. त्यामुळे त्यांना कॅनडातून निघावं लागतं, नाहीतर वाटेत कॅनडाचं एखादं बंदर गाठावं लागतं. कोविडच्या काळात कॅनडानं आपली बंदरं या जहाजांना बंद केली, तेव्हा अमेरिकेला २०२१ च्या मे महिन्यात खास तात्पुरता कायदा करावा लागला होता.

आटपाडीच्या माणसाला या कायद्याशी काय करायचं? करायचं आहे. या सहलीला दोन देशांचे व्हिसा लागतात, आणि एक जरी नाकारला गेला तरी सहल बुडाली. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी कोविडनंतर मुंबईत काही काळ वर्षाहून अधिक थांबावं लागत होतं. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यानं आधी बुकिंगचे पैसे भरले आणि मग व्हिसाला अर्ज केला. त्यांचा मंजूर झाला, बाईंचा नाही. जहाजाची खोली दोघांच्या नावावर, भरलेली रक्कम परत न मिळणारी, आणि निघायची तारीख जवळ येईल तशी रद्द करण्याची कपात वाढत जाणारी. डाळिंबाच्या एका हंगामाचा पैसा गेला. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी व्हिसा, मग मोठी रक्कम. युरोपातही हाच पेच वेगळ्या रूपात येतो. ग्रीसमधून निघालेलं जहाज तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला आलं, की तुम्ही युरोपच्या हद्दीतून बाहेर पडून पुन्हा आत आलेले असता. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा तिथं चालत नाही.

व्हँकूव्हरच्या धक्क्यावर आणखी एक गंमत. अमेरिकेचे अधिकारी तिथंच, कॅनडाच्या जमिनीवर बसून, तुमचा अमेरिकेतला प्रवेश तपासतात. रांग मोठी असते, वेळ जातो. सहलीतला सगळ्यात नाजूक सांधा तो हाच. इथपर्यंत बस उशिरा आली तर हॉटेलवाला जेवण गरम करून देतो. इथून पुढं सुटायच्या वेळेच्या बरंच आधी दार बंद. त्यामुळे जहाज सुटायच्या निदान आदल्या दिवशी तरी त्या गावात मुक्काम आहे ना, हे कार्यक्रमपत्रिकेत बघा. त्याच दिवशी विमानानं येऊन जहाज गाठायचा बेत असेल, तर मी म्हणेन, दुसरी सहल शोधा.

चढल्यावर पहिलं काम म्हणजे आपत्कालीन सराव. आपली जमण्याची जागा कुठं, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं, हे समजून घ्यायचं. कंटाळा करू नका. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर जहाजांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम झाले, आणि २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडून ३२ माणसं गेली तेव्हा ते आणखी कडक झाले. त्या दिवशी चढलेल्या अनेकांचा सराव झालाच नव्हता. आता तो जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावा लागतो. आमच्या खोलीला दाजींनी घरून इलेक्ट्रिक केटली आणली होती, चहासाठी. ती सामान तपासणीतच बाजूला काढून ठेवली गेली. इस्त्री, केटली, पाणी तापवायचा रॉड, काही चालत नाही. समुद्रावर आगीएवढी भीती दुसऱ्या कशाची नसते.

मी मात्र दोन दिवस पाण्याचाच विचार करत होतो. दुष्काळात टँकरमागे धावलेला माणूस, त्याला अंघोळीच्या नळाला एवढी धार बघून चैन पडेना. एका खलाशाला विचारलं. जहाज आपलं गोडं पाणी बरंचसं समुद्रातूनच करतं. इंजिन थंड करताना जी उष्णता वाया जायची, तिच्यावर समुद्राचं पाणी तापवतात. भांड्यातली हवा काढून दाब कमी केलेला असतो, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. वाफ धरून थंड केली की गोडं पाणी, मीठ मागे. दुसरी रीत म्हणजे बारीक चाळणीसारख्या पडद्यातून दाबानं पाणी ढकलणं, आपल्या गावातल्या आरओ प्लांटसारखं. वर्गात मी बाष्पीभवन तीस वर्षं फळ्यावर शिकवलं. अडीच हजार माणसांची तहान भागवताना ते पहिल्यांदाच पाहिलं. आम्हाला कृष्णेचं पाणी टेंभूहून टप्प्याटप्प्यानं उचलून आणायला केवढी वर्षं आणि केवढी आंदोलनं लागली, हे मी त्या खलाशाला सांगायला लागलो, पण सौभाग्यवतींनी कोपरानं ढोसलं.

केचिकन हे पहिलं बंदर. तिथं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आमच्याकडे पाचशे पडला तर पेढे वाटतात. बंदरावर उतरल्यावर दोन गोष्टी. एक, जहाजाची वेळ आणि तुमच्या मनगटावरची वेळ. व्हँकूव्हरहून अलास्काकडे जाताना घड्याळ तासभर मागे घ्यावं लागतं. दाजींनी घेतलं नाही आणि धापा टाकत तासभर आधीच जहाजापाशी येऊन उभे राहिले. उलट दिशेच्या प्रवासात हीच चूक केली असती, तर रिकाम्या धक्क्याकडे बघत राहिले असते. दुसरी गोष्ट, जहाजानं आयोजित केलेल्या फेरीला गेलात आणि ती फेरी लांबली, तर जहाज साधारणपणे तिची वाट बघतं. स्वतःची टॅक्सी करून गेलात तर नाही. मागे राहिलात तर पुढचं बंदर स्वखर्चानं गाठायचं, आणि अलास्कात ते सोपं नाही. जुनो ही राज्याची राजधानी, पण बाहेरच्या जगातून तिथं रस्ताच जात नाही. विमान नाहीतर बोट.

स्कॅगवेला दाजी खुलले. १८९६ साली कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी या चिमुकल्या बंदरात हजारो माणसं लोटली. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे. वर्षभराचा शिधा बरोबर असल्याशिवाय पुढं सोडत नसत. सगळं मिळून जवळजवळ एक टन ओझं एकेकाचं, आणि ते पाठीवरून अनेक खेपांत वर चढवायचं. पुढं १८९८ ते १९०० मध्ये तिथं रेल्वे झाली. आपल्या मिरज-पंढरपूरच्या जुन्या गाडीसारखी छोट्या रुळांची, पण वीस मैलांत समुद्रसपाटीपासून २८६५ फुटांवर चढणारी. गाडीतून उतरल्यावर एका जागी पर्यटकांना थाळीत रेती धुऊन सोन्याचे कण शोधायला देतात. दाजींनी थाळी अशी फिरवली, की शिकवणारी मुलगी बघत राहिली. “गुरुजी,” ते मला म्हणाले, “ही माणसं सोन्यासाठी घर सोडून बर्फात आली, आम्ही बाभळीतून उठून मद्रासला गेलो. मूस आणि तेजाब तेवढं आमचं वेगळं.”

ग्लेशियर बेच्या दिवशी जहाज कुठंच थांबत नाही, तरी तोच दिवस मोलाचा. दिवसाला दोनच मोठी जहाजं आत सोडतात, आणि राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक जहाजावर येऊन माहिती सांगतात. १७९४ च्या सुमारास हा सगळा फाटा बर्फानं भरलेला होता. आज त्या बर्फाची कड सुमारे ६५ मैल आत सरकली आहे. त्यानंतरची रात्र उघड्या समुद्रातली. तोवर बेटांच्या आडोशानं जहाज हललंही नव्हतं. त्या रात्री पोटात कालवलं. ज्यांना बस लागते त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. ती स्वस्तही असते. आलेपाक जवळ ठेवावा, गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

शेवटच्या रात्री आमची फजिती झाली. मोठ्या बॅगा झोपण्यापूर्वी खोलीबाहेर ठेवायच्या होत्या. बहिणीनं सगळं नीट घडी घालून भरलं, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसकट. सकाळी कळलं, की बॅगा ट्रकनं थेट डेनालीच्या हॉटेलवर जाणार आणि आम्ही दिवसभर आगगाडीत. व्हिटियरहून बाहेर पडायला अडीच मैलांचा एकच बोगदा आहे, त्यातून आगगाडी आणि मोटारी पाळीपाळीनं जातात. काचेच्या छताचा डबा, बाहेर नदीकाठी सांबरासारखे मूस, आणि आम्ही तिघं बहिणीच्या तोंडाकडे बघत बसलेलो. एका दिवसानं काही बिघडलं नाही. इन्शुलिन असतं तर? डेनाली शिखर म्हणाल तर दोन दिवस ढगातच राहिलं. तिथं निम्म्याहून जास्त लोकांच्या नशिबी हेच येतं.

आता वहीतलं. जाहिरातीतल्या आकड्यात जहाजाची बक्षिसी बहुधा नसते. ती माणशी रोज १५ ते २० डॉलर. दोघांच्या सात रात्री म्हणजे २१० ते २८० डॉलर. वायफाय, पेयं, बंदरावरच्या फेऱ्या वेगळ्या. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर तो आपोआप जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी येतं. जहाजावरचा डॉक्टर महाग, तेव्हा विमा उपचारांचा हवाच, शिवाय कंपनी बुडाली तर काय, हेही विचारा. मुंबईहून २०१९ साली सुरू झालेलं ‘कर्णिका’ २०२० मध्ये बंद पडलं, सिंगापूरची ‘स्टार क्रूझ’ चालवणारी गेंटिंग हाँगकाँग २०२२ च्या जानेवारीत कोसळली. एकट्यानं जाणाऱ्याला खोलीचे जवळजवळ दुप्पट पैसे पडतात. विधवा मावशी-आत्यांना हे आधी सांगावं, किंवा दोघींची जोडी लावून द्यावी. आणि परदेशी सहलीवर २०२० पासून टीसीएस कापला जातो. दर अनेकदा बदलले, चालू दर विचारून घ्या. ही आगाऊ करवसुली आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्रच न भरणाऱ्या बागायतदारानं हा पैसा परत हवा असेल, तर त्या वर्षी तरी विवरणपत्र भरावं.

व्हिसाची दगदग नको असेल त्यांनी मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाणारी ‘कॉर्डेलिया’ची जहाजं बघावीत; ती सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. लक्षद्वीप प्रशासनाची कोचीहून ‘समुद्रम्’ ही सहलही बरीच वर्षं चालत आली आहे. रात्री जहाजात, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय या बेटांवर. पासपोर्ट लागत नाही, प्रवेशाचा परवाना मात्र लागतो. आधी चार दिवस केरळ बघितलं, की आपलीच जोडसहल तयार. दाजींचे भाऊबंद कोचीच्या सराफ बाजारात आहेत, त्यांच्याकडे तारखांची चौकशी चालू आहे. गोळ्यांची डबी या वेळी बहिणीनं कमरेच्या पिशवीत ठेवायची, असं ठरलंय.