खाणे सोडलेल्या तलंगेची शुश्रूषा

परसातील कोंबडीपालनात पाच-सहा महिन्यांची तलंग सर्वांत मोलाची असते. ती पिलू असल्यापासून तिला घातलेले दाणे, घार, मांजर व मुंगूस यांच्यापासून केलेली राखण आणि घरच्या गृहिणीचे कष्ट तिच्या ठायी गुंतलेले असतात. अंड्याच्या रूपाने त्यांतील काहीच अद्याप परत आलेले नसते. अशी तलंग एखाद्या सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात पिसे फुगवून, मान आत ओढून बसते. इतर कोंबड्या दाण्यांवर तुटून पडत असता ती जागची हलत नाही. अशा वेळी खेड्यापाड्यांतून बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर संध्याकाळच्या आत ती कापली जाते, अथवा येत्या बाजारच्या दिवशी पाय बांधून विकावयास नेली जाते. दोन्ही मार्ग घातक आहेत. कापलेल्या आजारी पक्ष्याची पिसे व आतडी उकिरड्यावर पडतात आणि उरलेल्या कोंबड्या तीच टोचून खातात. बाजारात नेलेली कोंबडी तर आपला रोग एकाच दिवसात आसपासच्या अनेक गावांना वाटून येते.

खाणे सोडणे हा स्वतः रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. शिवाय ते उशिराने दिसणारे लक्षण आहे. कळपातील दुबळ्या पक्ष्याला इतर पक्षी टोचतात, म्हणून कोंबडी आपले दुखणे शक्य तितके लपविते. दाण्यांत चोच घालून टिपल्याचे नुसते सोंगही करते. तेव्हा तलंग प्रथम हाती घेतल्याबरोबर तिच्या छातीचे हाड चाचपून पाहावे. हाडाच्या दोन्ही अंगांस मांस भरलेले असेल तर आजार कालपरवाचा आहे. हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागले, तर आजार दहा-पंधरा दिवसांचा जुना असून तो आज नजरेस आला एवढेच.

कारण शोधण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी विनाविलंब कराव्यात. पहिली गोष्ट, तलंगेला वेगळे ठेवावे. त्यासाठी खुराड्यापासून दूर, वाऱ्याची झुळूक थेट लागणार नाही अशी जागा व एक मोठे डालगे पुरेसे आहे. खाली तुसाऐवजी जुने वर्तमानपत्र अंथरावे, म्हणजे विष्ठा स्पष्ट दिसते. तिचे पाण्याचे भांडे निराळे असावे आणि निरोगी कोंबड्यांचे सर्व काम आटोपल्यावरच तिच्याकडे जावे. नंतर हातपाय साबणाने धुवावेत.

दुसरी गोष्ट ऊब. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसाच्या तापमानाहून पुष्कळ जास्त असते. पोटात अन्न नसलेल्या पक्ष्याला ते टिकविणे जड जाते. पिसे फुगविण्याचे कारणही तेच. पावसाळ्यात व थंडीत डालग्याच्या एका बाजूस चाळीस वा साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा सुरक्षित अंतरावर टांगावा, अथवा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे उकडू लागल्यास तिला सरकता येते. वैशाखातील विदर्भात अर्थातच हा उपाय उलटा करावा लागतो. तेथे सावली, ओले गोणपाट आणि गार पाणी यांचीच गरज असते. चोच उघडी टाकून धापा टाकणारी कोंबडी पुष्कळदा उष्म्यानेच खाणे सोडते.

तिसरी गोष्ट पाणी, आणि हिच्याच बाबतीत सर्वाधिक चुका होतात. कोंबडी अन्नावाचून काही दिवस तग धरते, पाण्यावाचून धरीत नाही. परंतु घरातील मंडळींना काळजी असते ती अन्नाची. चोच बळेच उघडून भाकरीचे तुकडे, लसणीच्या पाकळ्या वा तिखटाचे गोळे कोंबण्याची घाई केली जाते. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते. त्यामुळे घशात ओतलेले पाणी वा औषध सरळ फुप्फुसात उतरून, रोगाने न मेलेली तलंग उपचाराने मरते. पाणी द्यावयाचे ते चोचीच्या कडेला ड्रॉपरने वा कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब लावून. ती स्वतः गिळते व मग मान वर करते. त्यानंतरच पुढचा थेंब द्यावा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी एक-दोन दिवस दिल्यास उत्तम. मीठ याहून अधिक पडू देऊ नये, कारण जादा मीठ पक्ष्यांना विषासमान आहे. पाणी रोज ताजे करावे.

एवढे झाल्यावर कारणाचा शोध घ्यावा. त्याची सर्वांत चांगली वेळ पहाटेची आहे. कोंबडीने संध्याकाळी खाल्लेले अन्न गळ्याखालच्या पिशवीत साठते आणि रात्रभरात ते खाली उतरून सकाळी पिशवी रिकामी होते. पहाटे दाणापाणी देण्यापूर्वी ही पिशवी चाचपावी. ती रिकामी असेल तर मार्ग मोकळा आहे व दोष अन्यत्र शोधावा. ती चेंडूसारखी घट्ट लागली, तर लांब गवत, काथ्याचा वा सुतळीचा तुकडा आत गुंतून अन्न अडले आहे असे समजावे. अशा वेळी खाद्य पूर्ण बंद ठेवून पाणी आणि खाद्यतेलाचे काही थेंब द्यावेत व पिशवी दिवसातून तीन-चार वेळा बोटांनी हलके चोळावी. एका दिवसात फरक न पडल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. ते लहानसा छेद घेऊन पिशवी मोकळी करतात. पिशवी पाण्याने भरल्यासारखी लिबलिबीत असून चोचीला आंबूस वास येत असेल, तर आत बुरशी वाढून अन्न आंबले आहे. या तलंगेला वर सांगितलेले साखरेचे पाणी देऊ नये, साधेच द्यावे. काही जण कोंबडी उलटी धरून पिशवी पिळतात. त्यात ते आंबलेले पाणी श्वासनलिकेत शिरते, म्हणून तसे कदापि करू नये.

त्यानंतर विष्ठा पाहावी. निरोगी कोंबडीची विष्ठा करड्या-तपकिरी रंगाची असून तिच्यावर पांढरी टोपी असते. मधून मधून पडणारी चॉकलेटी, चिकट व दुर्गंधीयुक्त विष्ठाही नैसर्गिकच असते. विष्ठेत रक्त असेल तर रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. हा रोग ओल्या तुसात फोफावतो. रोगजंतूंची अंडी उष्ण व दमट जागी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, म्हणून पावसाळ्यात खुराडे कोरडे ठेवणे हाच त्यावरील निम्मा इलाज होय. अॅम्प्रोलियम हे औषध पाण्यातून दिल्याने तो आटोक्यात येतो. विष्ठेत शेवयांसारखे जंत दिसल्यास पायपराझिन उपयोगी पडते. दोहोंची मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी.

विष्ठा हिरवी दिसताच मात्र घरात एकच हाकाटी होते, की मानमोडी आली. येथे थोडे सबुरीने घ्यावे. उपाशी कोंबडीच्या पोटातून नुसते पित्त उतरते व तेही हिरवेच असते. म्हणून केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये. त्याबरोबर घरघर, धाप, पंख वा पाय लुळे पडणे, मान पिरगळणे यांपैकी काही आहे काय आणि इतर कोंबड्याही मलूल झाल्या आहेत काय, हे पाहावे. हा रोग १९२६ साली जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्रथम ओळखला गेला आणि पुढच्याच वर्षी कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळला. त्यावरून आपल्याकडे त्यास राणीखेत हे नाव पडले. त्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकपुडीत थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचणी, हा नेहमीचा क्रम होय. लस बर्फात ठेवूनच आणावी आणि निरोगी पक्ष्यांनाच द्यावी. आजारी तलंगेला लस टोचून ती बरी होईल ही आशा व्यर्थ आहे.

तलंगेचा तुरा फिका पडला असून विष्ठेत काही वावगे नसेल, तर रात्री कंदील वा बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी पाहाव्यात. पिसवांसारखे तांबडे किडे आणि गोचीड दिवसा फटींत दडतात व रात्री रक्त शोषितात. गोचिडांपासून होणाऱ्या एका तापातही कोंबडी खाणे सोडते आणि हिरवी हगते. तो ताप व मानमोडी यांची गल्लत वारंवार होते. या तापावर पेनिसिलिनचा गुण येतो. म्हणजे निव्वळ मानमोडीच्या समजुतीने सोडून दिलेली तलंग वाचण्यासारखी असू शकते.

तलंगेच्या वयाचा एक खास धोका म्हणजे पहिले अंडे अडकणे. ती शेपटी खाली घालून उभी राहते, वारंवार कुंथते, घरट्यात शिरते व बाहेर येते. तिला पोटापर्यंत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे धरावे, अंग कोरडे करून गुदद्वारास थोडे तेल लावावे आणि उबेत, अंधारात, शांत ठेवावे. पोट दाबून अंडे काढण्याचा मोह टाळावा, कारण अंडे आत फुटल्यास तलंग दगावण्याचा संभव फार. खाद्याशेजारी शिंपल्यांचा चुरा नेहमी ठेवल्याने हा प्रसंग कमी येतो.

एक पाय पुढे व एक मागे टाकून पडणारी तलंग पुष्कळदा खावयास उत्सुक असते, पण दाण्यांपर्यंत पोहोचू शकत नाही. हा बहुधा मॅरेक रोग होय. जोसेफ मॅरेक या हंगेरियन पशुवैद्यकाने १९०७ साली त्याचे वर्णन केले. त्यावर इलाज नाही. लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते. याउलट खुडूक बसलेल्या कोंबडीलाही आजारी ठरविले जाते! ती पिसे फुगविते, दिवसातून एकदाच खाते व हात लावताच चिडते. ती आजारी नव्हे. नवीन आणलेली तलंगही जुन्या कोंबड्या दाण्यांजवळ फिरकू देत नाहीत म्हणून उपाशी राहते. तिला औषध नको, दुसरे खाद्यपात्र हवे.

एकाच दोन दिवसांत अनेक कोंबड्या दगावल्या, तर घरगुती उपचार तेथेच थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळवावे. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ च्या फेब्रुवारीत देशातील पहिली बर्ड फ्लूची साथ आढळली होती. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये, त्यांची विक्री वा भक्षण तर करूच नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरण्याचे काम अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली व्हावे.

दुकानातून ऐकीव माहितीवर प्रतिजैविके आणून पाण्यात कालविणे हाही नवा छंद वाढत आहे. कोलिस्टिन या औषधाचा खाद्योपयोगी जनावरांतील वापर केंद्र सरकारने २०१९ साली बंद केला, यावरून गांभीर्य ध्यानात यावे. कोणतेही औषध दिल्यास त्यानंतर किती दिवस अंडी व मांस खाऊ नये, हे पशुवैद्यकास विचारून घ्यावे.

तलंग पाणी पिऊ लागली व पिशवी मोकळी झाली, की तांदळाच्या वा ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून कोमट असताना थोड्या थोड्या, दिवसातून पाच-सहा वेळा ठेवाव्यात. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून त्यात मिसळल्यास ती आवडीने टिपते. उरलेले खाद्य दोन तासांनी उचलावे. बुरशी धरलेला मका वा भुईमुगाची पेंड चुकूनही घालू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी अशाच पेंडीने मेले होते. कण्यांवरून नेहमीच्या खाद्यावर तीन-चार दिवसांत आणावे. खाणे पूर्ववत झाल्यावरही आणखी दोन आठवडे ती वेगळी राहू द्यावी. मग तिन्हीसांजेनंतर, इतर कोंबड्या झोपल्यावर, तिला हळूच खुराड्यातील दांडीवर त्यांच्या शेजारी बसवावे आणि दुसऱ्या दिवशी दाणे दोन निरनिराळ्या ठिकाणी टाकावेत.