प्रक्रियक तापमापन
प्रक्रियक तापमापन : संगणकाच्या प्रक्रियकाचे तापमान विद्युतीय रीतीने मोजण्याची पद्धती. पूर्वी मदरबोर्डवरील सॉकेटमध्ये, प्रक्रियकाखाली, थर्मिस्टर बसवीत. तो सिलिकॉन चकतीपासून दूर असल्याने नोंद प्रत्यक्षाहून कमी व उशिरा मिळे. पुढे चकतीतच डायोड घालण्यात आला. मदरबोर्डवरील मापक मंडल त्यातून दोन भिन्न प्रवाह सोडते. मिळणाऱ्या विद्युत् दाबांतील फरक केवल तापमानाच्या सम प्रमाणात असल्याने त्यावरून तापमान काढता येते. २००६ पासून इंटेलच्या कोअर मालिकेतील प्रक्रियकांत गाभ्यातील अंकीय संवेदक कमाल मर्यादेपासूनचे अंतर अंशांत देतो. मर्यादेजवळ हे मापन विश्वसनीय असते. थंड स्थितीत त्यात अनेक अंशांची चूक संभवते. त्यामुळे अतितापापासून संरक्षणासाठी ते पुरेसे असले, तरी केवळ त्यावरून दोन संगणकांची तुलना करणे योग्य ठरत नाही.