एक पान, एक गड्डा आणि वजनाची वही

पाच-सहा मीटर उंचीचे झाड आणि त्याला पान मात्र एकच! इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या पर्जन्यवनात अशी एक वनस्पती आहे. जमिनीतून सरळ वर येणारा, ठिपकेदार खोडासारखा दिसणारा भाग म्हणजे तिचे खोड नव्हे. तो पानाचा देठ असतो. वर छत्रीसारखे पसरलेले सारे हिरवे तुकडे मिळून एकच पान होते. खरे खोड जमिनीखाली असते, कंदाच्या रूपात. या वनस्पतीचे नाव अ‍ॅमॉर्फोफॅलस टायटॅनम. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांना ती १८७८ साली आढळली. त्यांनी पाठवलेल्या बियांपासून वाढलेल्या एका रोपाला १८८९ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानात फुलोरा आला.

नाव परके असले तरी कुळ आपल्या ओळखीचे आहे. आपला सुरण हा त्याच प्रजातीतला, म्हणजे तिचा सख्खा भाऊबंद. कोकणात पावसाच्या तोंडावर बाजारात येणारी शेवळे हीदेखील याच प्रजातीतील एका जातीचे फुलोरे होत.

या सर्व वनस्पतींचा संसार एका साध्या हिशेबावर चालतो. पान अन्न तयार करते आणि ते गड्ड्यात साठते. हंगाम संपला की पान पिवळे पडून कोसळते. मग गड्डा काही महिने मातीत निजून राहतो. पुढच्या हंगामात त्याच साठ्यावर नवे पान येते. गंमत अशी की, जुना गड्डा वाढून मोठा होत नाही. तो खर्ची पडून सुरकुततो आणि त्याच्या डोक्यावर, कोंबाच्या तळाशी, नवा गड्डा तयार होतो. पानाने वर्षभरात खर्चापेक्षा अधिक कमावले, तर नवा गड्डा जुन्याहून मोठा भरतो. अशी शिल्लक दरवर्षी वाढत गेली की काय होते, याचे उदाहरण एडिंबरो येथील शाही वनस्पती उद्यानात पाहायला मिळाले. तेथील टायटॅनमचा संत्र्याएवढा कंद काही वर्षांतच वाढून २०१० साली १५३.९ किलो भरला!

पुरेशी शिल्लक जमली की एखाद्या वर्षी पानाऐवजी फुलोरा येतो. बी पेरल्यापासून टायटॅनमला यासाठी बहुधा सात ते दहा वर्षे लागतात. हा फुलोरा तीन मीटरपर्यंत उंच होऊ शकतो. त्याला जगातील सर्वांत मोठे फूल म्हणणे मात्र चूक आहे, कारण मधल्या दांड्याच्या तळाशी शेकडो लहान फुले असतात. पहिल्या रात्री मादीफुले परागण स्वीकारतात. तेव्हा दांडा आपल्या शरीराइतका तापतो आणि कुजलेल्या मांसासारखा वास दूरवर पसरतो. त्या वासाने मांसावर जगणारे भुंगे आणि माश्या येतात. नरफुलांतून पराग बाहेर पडतो तो नंतर, दुसऱ्या दिवशी. त्यामुळे स्वपरागण टळते.

ही वनस्पती घरी वाढवता येईल का? परदेशांतील काही हौशी माणसांनी काचघरांत ती वाढवली आहे. परंतु तिला वर्षभर उबदार व दमट हवा, भरपूर जागा आणि फार मोठी कुंडी लागते. परदेशातून कंद किंवा बी मागवायचे, तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाचे नियम पाळावे लागतात. कंदासोबत सूत्रकृमी व बुरशी येऊ शकतात, म्हणून हे नियम आहेत. शिवाय सुमात्रातील जंगले घटल्यामुळे टायटॅनम आज संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. रानातून उपटलेला प्रत्येक कंद म्हणजे अनेक वर्षांची शिल्लक एका क्षणात गेली असे समजावे.

सुदैवाने हाच सारा हिशेब शाळेच्या आवारात सुरणावर पाहता येतो. एप्रिल-मे महिन्यांत सुमारे अर्धा किलोचा, डोळा शाबूत असलेला गड्डा निवडा. मोठा गड्डा कापायचा असल्यास प्रत्येक फोडीत मधल्या डोळ्याचा अंश आला पाहिजे. फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवाव्यात. तळाला भोके पाडलेला मोठा डबा किंवा गोणपाट घेऊन त्यात माती, शेणखत व थोडी वाळू भरा. गड्ड्यावर किमान वीतभर माती हवी. याचे कारण मुलांना विचारा! मुळे गड्ड्याच्या बुडातून फुटत नाहीत, ती वरच्या बाजूने कोंबाभोवती फुटतात. आणि नवा गड्डाही जुन्याच्या वरच बसतो. पाणी साचू देऊ नका. पान कोसळल्यावर पाणी थांबवून गड्डा काढा.

लावताना आणि काढताना दोन्ही वेळा वजन करून वहीत नोंदवा. डब्यातील माती लावण्यापूर्वी व नंतर वाळवून तोलली, तर अधिकच चांगले. मुले लगेच म्हणतील, 'गड्डा वाढला तो माती खाऊन.' बेल्जियममधील व्हान हेल्माँट यांनी हाच प्रश्न विलोच्या रोपाला विचारला होता. पाच वर्षांत झाड सुमारे ७४ किलोने वाढले, पण माती घटली अवघी ५७ ग्रॅम. झाड केवळ पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच बरोबर होता. सुरणाची एक चकती तोलून, कडक वाळवून पुन्हा तोला. पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही अधिक वजन पाण्याचे निघेल. उरलेला बहुतेक भाग स्टार्चचा, आणि त्यातील कार्बन आला हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडमधून.

एक सावधगिरी हवी. सुरणात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते त्वचेत व घशात टोचतात, म्हणून खाज सुटते. कापताना हाताला तेल लावावे, कच्चा तुकडा कोणी तोंडात घालू नये आणि भाजी करताना चिंच किंवा आमसूल विसरू नये. शेवळांच्या भाजीत काकडे घालतात, तीही याच खाजेवरचा उपाय म्हणून.

भाजीसाठी सारेच गड्डे मात्र वापरू नका. सर्वांत चांगला एक कोरड्या वाळूत ठेवून पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा लावा. चार-पाच वर्षांनी एखाद्या मे महिन्यात त्यातून पानाऐवजी जांभळट फुलोरा वर येईल आणि वर्गभर दुर्गंधी पसरेल. त्या वर्षी फुलोरा सुकल्यावर गड्डा पुन्हा तोलावा. फुलण्यासाठी वनस्पतीला काय खर्च येतो, ते वहीतला आकडाच मुलांना सांगेल.