आठ आण्यांचे देणे

गेल्या गणपतीनंतरची गोष्ट. आमची नात कुठल्याशा रॉक बँडच्या कार्यक्रमाहून रात्री बारा वाजता घरी आली. घसा बसलेला, पाय आखडलेले, आणि चेहरा मात्र देवदर्शन करून आल्यासारखा प्रसन्न! सकाळी पोहे खाताना बँडच्या कथा सुरू झाल्या. पहिल्या गाण्यांत होती ती गंमत आता राहिली नाही, गिटारवाला सोडून गेला, तरीही आम्ही जातोच. मग एकदम तिने विचारले,

"आजोबा, तुमच्या वेळी तुमचा आवडता बँड कोणता होता हो?"

माझ्याआधी आमची सौभाग्यवतीच उत्तरली, "त्यांना कसला गं बँड? त्यांना नाट्यसंगीताचा शौक. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांना तसंच सांगितलं होतं."

मी घसा खाकरला. पन्नास वर्षांचा संसार झाला. आता खोटे किती दिवस पोसायचे? म्हणालो, "विठाबाई नारायणगावकर."

"म्हणजे तमाशा?" सौभाग्यवतीच्या हातातला डाव तसाच राहिला. "अहो, तुम्ही तमाशाला जात होता?"

वाचकहो, जात होतो. आणि नुसता जात नव्हतो, तर वेडा होऊन जात होतो. तीच कहाणी आज सांगायची आहे.

आमचे गाव धाराशिव जिल्ह्यातले. त्या वेळी त्याला उस्मानाबाद जिल्हा म्हणत. येरमाळ्याच्या बाजूला, बालाघाटच्या माळावर. चैत्री पौर्णिमा झाली की येरमाळ्याच्या येडेश्वरीची पालखी डोंगरावरून आमराईत येते. वाटेत चुनखडीचे खडे वेचायला माणसांचा पूर लोटतो. ही आमच्या मुलखातली मोठी यात्रा. त्याच्या आगेमागे गावोगावच्या जत्रा आणि उरूस. दसऱ्याला बाहेर पडलेले तमाशाचे फड पावसाळा येईपर्यंत या जत्रांवरच जगत. लालभडक अक्षरांची पत्रके गावच्या चावडीवर चिकटली, की आम्हा पोरांचे पाढे विस्कटायचे.

१९६२ साली मी बारा वर्षांचा होतो. शेजारच्या गावच्या जत्रेत विठाबाई येणार, असा पुकारा झाला. विठाबाई म्हणजे भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाजलेल्या फडातल्या भाऊंची मुलगी. जन्म १९३५चा, पंढरपूरचा. तिचा पाय आणि तिचा गळा यांत कोण सरस, यावर आमच्या गावच्या पारावर भांडणे होत. वडील शाळामास्तर. तमाशा हा शब्दही घरात उच्चारायची सोय नव्हती. पण मामाने जत्रेसाठी दिलेले आठ आणे माझ्या खिशात होते. जेवणे झाली, दिवा मालवला, आणि मी मागच्या दाराने पसार झालो.

कनातीच्या आत गेलो तो गॅसबत्त्यांचा लख्ख उजेड. ढोलकीवर पहिली थाप पडली, तिला हलगी कडकडून जाबसाल करू लागली, मागे तुणतुणे आणि झांज. पोटात कसेसेच झाले. आधी गण, म्हणजे गणरायाला वंदन. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची ती बोळकी मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. मावशीचे काम पुरुषाने केलेले. तिच्या प्रत्येक वाक्याला कनात हसून हलायची. मग लावण्या. आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. वग म्हणजे अख्खे नाटक. राजा, प्रधान, कपटी सावकार, सती नार, आणि सर्वांची फिरकी घेणारा सोंगाड्या. संवाद बरेचसे आयत्या वेळचे. मघाशी लावणीला शिट्ट्या मारणारे पटकेवाले गडी वगातल्या दुःखाच्या प्रसंगी धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

पहाटे घरी परतलो. मागच्या दाराची कडी आतून लावलेली असणार, अशी धास्ती होती. दार नुसते लोटलेले! आई चुलीपुढे बसली होती. वडील उठायच्या आत तिने मला हाताला धरून बसवले. मला वाटले, आता फुंकणीचा मार. तर ती हळूच म्हणाली, "गवळण कंची म्हटली रं?"

त्या रात्री आई माळवदावर बसून होती. उन्हाळ्याच्या निवांत रात्री ढोलकी कोसावरून ऐकू येते. शब्द मात्र कळत नाहीत. बायामाणसांनी कनातीत जायची पद्धत नव्हती. तेव्हापासून आमचा गुप्त करार झाला. मी चोरून जायचे, तिने कडी काढून ठेवायची, आणि सकाळी मी तिला गवळण म्हणून दाखवायची. पुढची सहा-सात वर्षे हा करार आम्ही दोघांनी इमानाने पाळला.

आता या कहाणीतला माझा नादानपणा सांगतो.

मी मॅट्रिक झालो, पुढे शिकलो, बँकेत चिकटलो. पांढरपेशा झालो. मुलगी बघायला गेलो तेव्हा भावी सासऱ्यांनी विचारले, "काही छंद वगैरे?" जिभेच्या टोकावर ढोलकी होती, तोंडातून नाट्यसंगीत बाहेर पडले. लग्नानंतर आम्ही जोडीने 'विच्छा माझी पुरी करा' पाहिले. वसंत सबनीसांचे लेखन, आणि दादा कोंडके यांनी गाजवलेले ते वगनाट्य. १९६५ सालापासून ते रंगभूमीवर धुमाकूळ घालत होते. थिएटरात खुर्च्या, पंखे, मध्यंतरात बटाटेवडे, आणि आजूबाजूला आमच्यासारखीच कुटुंबे. सौभाग्यवती हसून हसून बेजार झाली. बाहेर पडताना म्हणाली, "खरा तमाशा असाच असतो का हो?"

मी म्हणालो, "मला काय ठाऊक!"

ज्या फडाने मला हसायला आणि रडायला शिकवले, त्याला मी ओळखही दाखवली नाही. आणि एकटा मीच नव्हे. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' हा तमाशापट आला आणि पुण्यात शंभरावर आठवडे चालला. १९७२ साली 'पिंजरा' आला, त्याचीही तीच तऱ्हा. पडद्यावरचा तमाशा आम्ही डोक्यावर घेतला. कनातीतल्या तमाशाशी मात्र आमचे नाते नव्हते. त्याआधी १९४८च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदीच घातली होती. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या समितीने त्याची वाट मोकळी करून दिली. सरकारने बंदी उठवली. आमच्यासारख्यांनी मनातली उठवली नाही.

ऐंशी सालानंतर एकदा जत्रेसाठी गावी गेलो होतो. माळावर एका फडाची कनात लागलेली. अंधाराचा फायदा घेऊन बँकेतला साहेब आत शिरला. आत पाहतो तो ढोलकीच्या शेजारी परदेशी बनावटीचा ड्रमसेट! गण उरकला, गवळण आटोपती घेतली, आणि सुरू झाली सिनेमाची गाणी. पोरे नोटा नाचवीत फर्माइशी करत होती. तासाभरात माझे डोके उठले. वग सुरू व्हायच्या आधीच मी तडक बाहेर पडलो. मनात म्हटले, बिघडला तमाशा! संपला!

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेत होतो. समोरच्या बाकावर त्याच फडाचा म्हातारा ढोलकीवाला बसला होता. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. मी आपले ज्ञान पाजळले, की तुम्ही लोकांनी वग मारला, सिनेमा आणला.

तो रागावला नाही. बशीतला चहा संपवून म्हणाला, "साहेब, राती वगाच्या आधीच उठून गेला न्हवं तुम्ही? म्या बघितलं. गाणी मागणारी पोरं तिकीट काढून पार पहाटंपत्तूर बसली. वग मागणारं तुम्ही इतकी वर्सं कुटं व्हता?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. चहाचे पैसेसुद्धा त्यानेच दिले.

मग मी फडाचा हिशेब समजून घेऊ लागलो. मोठ्या फडात कलावंत, वादक, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ट्रकचालक मिळून शंभराच्या घरात माणसे असतात. हंगामाआधी सर्वांना उचल द्यावी लागते. ती मालक कर्ज काढून देतो. चैत्राच्या तोंडाला पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी तिथे येऊन सुपाऱ्या देतात. एक अवकाळी पाऊस आला, दोन जत्रा बुडाल्या, की वर्षाचे गणित कोसळते. अशा धंद्यात जो तिकीट काढतो त्याचेच ऐकावे लागते. आम्ही जाणकार म्हणवणारे तर तिकिटाच्या रांगेतून कधीच बाहेर पडलो होतो.

नातीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अय्या, हे तर बॉब डिलनसारखंच!" हा अमेरिकेतला लोकगीते गाणारा कवी-गायक. १९६५ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात तो विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्याच चाहत्यांपैकी काहींनी त्याची हुर्यो केली म्हणे. चाहत्याची जात जगात सगळीकडे सारखीच दिसते. त्याला आपली बारा वर्षांची रात्र जशीच्या तशी परत हवी असते. मात्र डिलनच्या चाहत्यांनी तिकीट तरी काढले होते!

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. बातमी वाचताना हातातला चहा गार झाला. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही बाई. पोटुशी असताना नाचता नाचता कळा सुरू झाल्या, आत जाऊन प्रसूत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, अशी तिची कथा आजही सांगतात. तिच्या अखेरच्या दिवसांत पैशाची ओढाताण होती, औषधोपचारासाठी लोकांना मदत करावी लागली. पुढे सरकारने तिच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगले झाले. पण मला राहून राहून आठवत होते ते माझे "मला काय ठाऊक."

त्यानंतर मी वाट वाकडी करून फड पाहू लागलो. एकटाच, घरी न सांगता. आता लाज तमाशाची नव्हती, इतकी वर्षे लपवल्याची होती. २०२० आणि २०२१ साली करोनाने जत्रा बंद पडल्या, कनाती गुंडाळून पडल्या, तेव्हा थोडे पैसे पाठवले. त्याने देणे फिटत नाही, हे मला ठाऊक आहे.

तर, ती पोह्यांची सकाळ. सौभाग्यवती बराच वेळ गप्प होती. मला वाटले, आता नाट्यसंगीताचा जाब विचारणार. ती म्हणाली, "सासूबाई मला एक गवळण शिकवायच्या. भजनातली आहे, म्हणायच्या. ती तुम्हीच आणलेली का हो?"

पुढच्या महिन्यात सरकारी तमाशा महोत्सव होता. मी तीन तिकिटे मागायला गेलो, तर प्रवेश विनामूल्य! तिथेही देणे फिटायचे राहिलेच. आम्ही तिघे दुसऱ्या रांगेत बसलो. ढोलकीवर थाप पडली, तशी नातीने माझा दंड घट्ट पकडला. गवळण सुरू झाली, मावशी लचकत आली, आणि सौभाग्यवती हसू लागली. 'विच्छा'च्या वेळी हसली होती तशीच. गिटार नव्हती, पण एक कीबोर्ड होता. मी त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

नऊ वाजून गेले. पुढे वग होता. माझ्या गुडघ्यांचा विचार करून सौभाग्यवती म्हणाली, "निघायचं का?"

"नाही," मी म्हणालो. "आज वग संपल्याशिवाय उठायचं नाही."